बाजारात मी नाक धरलं

ती. बा,

व्हिएतनामहून तुझ्या योगीचा पाया पडून नमस्कार. कंपनीच्या सहलीत मी सुखरूप आहे. काल होडीतून नदी पाहिली, नारळाच्या दुधातली भाजकी केळी खाल्ली. तुझा खोकला थांबला का?

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली तर मला घास उतरणार नाही. बाजारात एक म्हातारी भातशेतातले उंदीर भाजत होती. तिने हसून एक तुकडा माझ्यापुढे केला. सोबतची शलाका किंचाळली, "ई! असलं कोण खातं गं? तुमच्या वाडीवर खातात का?"

मी म्हणाले, "छे, आमच्यात नाय." आणि हसणाऱ्या सगळ्यांसारखं नाक धरलं.

बा, वास अगदी आपल्या चुलीचा होता. कापणीनंतर बीळ ओळखायला, पिलं सोडून द्यायला तूच मला शिकवलंस. कालपासून त्या हसणाऱ्यांची किळस येते, आणि त्यांच्याहून जास्त माझी.

आज सकाळी एकटीच जाऊन म्हातारीशेजारी बसून खाल्लं. पण शलाका तिथे नव्हती, म्हणून ते मी जमेस धरत नाही. कापणी झाली की शलाकाला आपल्या घरी जेवायला बोलावलंय. काय रांधायचं ते तू ठरव. मी तिच्या शेजारी बसून खाईन.

तुझीच,
योगी