फ्रीजरला घातलेली माळ

शुक्रवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. कंग्राळी.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या फ्रीजरला मीच झेंडूची माळ घातली. सुट्टीनंतर आज पाहतो तर माळेचा दोरा दारात अडकलेला, दार बोटभर उघडं, भोंगा वाजतोय. आत रुग्णांच्या रक्तवाहिन्यांचे नमुने, संशोधन करणाऱ्या आमच्या मॅडमांची तीन वर्षांची मेहनत. नमुने वितळले की पेशींपर्यंत निरोप पोचवणारी प्रथिनं बिघडतात, हे त्यांनीच मला शिकवलं. मी दोरा ओढला, दार लावलं, कुणाला न सांगता कामाला लागलो.

दुपारी त्या हसून म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या हातची पूजा झालीय, आता निकाल चांगलाच येणार बघा."

सोमवारी त्या तेच नमुने तपासणार. चुकीचा निकाल खरा मानला गेला तर? एवढासा दोरा... नोकरीची भीती जास्त की पापाची?

देवाला हात जोडून फोन लावला.

"बोला, अण्णा."

"मॅडम, जेवलासा काय?" एवढंच विचारून ठेवला.