पुठ्ठ्याचं चिलखत

वेस्टफालिया, जर्मनी, १४ फेब्रुवारी २००३

ती. दाजींस,
उल्हासचा सा. न. वि. वि.

ताईने पाठवलेला तुमचा पेपर पोचला. पहिल्या पानावर तीन ब्रिटिश जवानांचे तीन फोटो, छातीवर चिलखत. खालची ओळ तुमची, म्हणून ताईने पेनने अधोरेखित केली आहे: ‘वाळवंटासाठी पोलादी सज्ज’.

दाजी, ते पोलाद माझ्या दुकानातलं. मागच्या आठवड्यात इथल्या ब्रिटिश छावणीतून बोलावणं आलं. वीस वर्षं त्यांचे गणवेश दुरुस्त करतोय, वाटलं काज-बटणाचं काम असेल. बघतो तर जवान तीन, चिलखत एक, आणि गोळी अडवणाऱ्या आतल्या पाट्याच नाहीत. रिकामं चिलखत पोटावर लोंबत होतं, म्हणून अधिकाऱ्याने मला ते भरायला सांगितलं. मी शर्टांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून आत सरकवला, मागून टाचण्या मारल्या. तिघांनी आळीपाळीने तेच घालून फोटो काढून घेतले. मीही हसलो.

टाचण्या काढताना तिघांतला सार्जंट हॉवेल हळूच म्हणाला की दहा मार्चला ते असेच, पाट्यांशिवाय, इराककडे निघणार आहेत, आणि हे बायकोला कळू देऊ नकोस. तिचे पडदे माझ्याकडे शिवायला आहेत.

दहा तारखेच्या आत खरं काय ते छापा. माझं नाव घाला.

लोभ आहेच, तो या पत्रातूनही वाचावा.

आपला,
उल्हास

लंडन, २० फेब्रुवारी

चि. उल्हास यास अ. उ. आ.

तुझं पत्र सुलेखाला, तुझ्या ताईला, दाखवलेलं नाही. बातमीदारी तुला कधीपासून कळायला लागली? फोटो लष्कराने दिले. आम्ही खात्रीही केली: लष्कराला फोन करून विचारलं, त्यांनी खरे आहेत म्हणून सांगितलं. काल मंत्रिमहोदयांनी तेच फोटो संसदेत फडकवले. आता मी संपादकांना जाऊन सांगू की माझा मेहुणा आत पुठ्ठा भरतो? आमचा पेपर युद्धाच्या बाजूने आहे, आणि माझं पोट पेपरवर आहे. छावणीचं काम गेलं तर तूही काय शिवशील, जर्मनांचे रुमाल?

तरी तुझा शब्द राखून एक खुलासा छापायला लावला आहे. पान बावीस पाहा.

लोभ ठेव, तोंड मिटून ठेव.

तुझा,
श्यामकांत

वेस्टफालिया, २६ फेब्रुवारी

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

पान बावीस भिंग लावून पाहिलं. ‘हॉवेल यांच्या नावात एक एल राहून गेला, दिलगीर आहोत.’ वा, वा. आता थडग्यावर तरी नाव बरोबर येईल.

लष्कराचे फोटो खरे का, हे तुम्ही लष्कराला विचारलंत. पँट आखूड झाली का, हे मी घालणाऱ्याला विचारतो, शिंप्याला नाही.

शिंप्यासमोर माणसं मोकळं बोलतात. त्याच्या तोंडात टाचण्या असतात, तो काय बोलणार, असं त्यांना वाटतं. वीस वर्षं मी बोललो नाही. परवा टाचण्या काढून ठेवल्या आणि तुमच्या शेजारच्या पेपरला फोन केला. त्यांचा माणूस स्वतः आला, पुठ्ठा हातात घेऊन पाहिला, अकरा जवानांशी बोलला.

लोभ असावा. नसल्यास तसा खुलासा छापावा, पान कुठलंही चालेल.

आपला,
उल्हास

वेस्टफालिया, ११ मार्च

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

त्यांची बातमी तीन तारखेला आली. आठला दुपारी हॉवेलच्या तुकडीसाठी पाट्यांचा ट्रक आला. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मंत्री म्हणाले, हे आधीच ठरलं होतं. तुमचा पेपर म्हणाला, ‘आमच्या पाठपुराव्याला यश’. ताईने ते मला फोनवर वाचून दाखवलं. ती ओळही तुमचीच का, हे मी तिला विचारलं नाही.

छावणीने मला उद्यापासून येऊ नये असं कळवलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी हॉवेल बायकोचे पडदे न्यायला आला, चिलखत घालूनच. त्याने छातीवर मूठ मारून दाखवली. पुठ्ठ्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. हा तो नव्हता.

उरलेला पुठ्ठा सोबत पाठवतोय, टेबलावर ठेवा. ताईला म्हणावं ब्लाउजांचं माप पाठव, आता वेळच वेळ आहे.

लोभ उसवला आहे, दाजी. शिवून देईन, पण टाका दिसेल.

आपला,
उल्हास