एका हाताचं बोलणं

माय,

तू बोलताना दुसरा हात का वापरत नव्हतीस, ते मला मागच्या मंगळवारी कळलं. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तुला ऐकू येत नव्हतं आणि वाचताही येत नव्हतं, म्हणजे कागदावर लिहिणं हा तुझ्याशी बोलण्याचा सगळ्यात चुकीचा मार्ग आहे, हे मला समजतं. पण हातांनी बोलायचं तर समोर डोळे लागतात. म्हणून लिहिते.

मी चौथीत असेन. रविवारी डबा घेऊन दिग्रसच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या गिरणीत, यायची. फाटकापासूनच पायाखालची जमीन थरथरायची आणि आत शिरल्यावर स्वतःचा आवाजही स्वतःला ऐकू यायचा नाही. तुम्ही बायका ओळीनं उभ्या. उजव्या हातानं कापूस पुढे सारायचा, रूळ तो ओढून घ्यायचा, रुई एकीकडे, सरकी खाली. हवेत तंतू, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. त्या आवाजात ओरडून उपयोग नसे, म्हणून सगळ्याच जणी डाव्या हातानं बोलत. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. मूठ उघडून झटकली की कापूस ओला आहे. मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. मुकादमाचा बाप वारला तेव्हा त्यानं मिशा काढल्या आणि पुन्हा कधी ठेवल्या नाहीत, पण तुमची खूण तशीच राहिली, आणि त्याच्या गुळगुळीत तोंडासमोर मिशीला पीळ देताना तुम्हाला हसू आवरत नसे. मी दाराशी उभी असते. तू मला बघतेस, दोन बोटं हनुवटीला लावतेस. उंबऱ्यावर पडून मला तिथं खोक पडली होती, तेच माझं नाव. ओळीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघून हनुवटीला बोटं लावतात. मधूनच तू शेजारच्या मशीनच्या अंगावर तळवा ठेवून थोडी थांबतेस. मला वाटायचं, तू टेकतेस.

घरी तुला नाव नव्हतं. म्हणजे कागदावर होतं, पण आजी तुला मुकी म्हणायची, आणि गल्लीत मी मुकीची पोरगी. बाबा काही हवं असलं की तुझा खांदा हलवायचे आणि वस्तूकडे बोट दाखवायचे. एवढ्यात त्यांचा संसार झाला. तुझं बोलणं घरात फक्त मला येत होतं. दुकानात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत तुझ्यासाठी मी बोलायची आणि लोकांचं तुला सांगायची. एसटीत तू खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवायला हात उचललास की लोक वळून बघत. मी तुझा हात पदराखाली दाबून धरायची. तू तो सोडवून घेत नसायचीस.

पुढे यवतमाळला सांकेतिक भाषेचा वर्ग सुरू झाला, तेव्हा मला वाटलं, हे तर मला येतंच. शिकवणारे सर स्वतः बहिरे होते, साठीला आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे हात बघितले आणि नाही म्हणून मान हलवली. मला येत होतं ते दिग्रसच्या एका गिरणीतलं होतं. देशभरातले बहिरे लोक आपसात बोलतात ती भाषा निराळी होती, तिला व्याकरण होतं, तिचा शब्दकोश होत होता. सरांनी तिची गोष्टही सांगितली. ही भाषा कुणी बसून तयार केलेली नाही, म्हणाले. जिथं चार बहिरी माणसं एकत्र आली तिथं ती झाली. त्यांच्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. मास्तरांचं म्हणणं, मुलांनी तोंडानंच बोलायला शिकावं. हात हलला की बोटांवर पट्टी बसायची. मुलं आंघोळीच्या रांगेत बोलत, पाठ मास्तरांकडे आणि हात पोटाशी. एवढं सांगून सरांनी आपली बोटं आमच्यासमोर धरली. एक पेर वाकडं होतं. त्यांच्यासाठी ही भाषा म्हणजे मार खाऊन वाचवलेली वस्तू होती. मी ती मनापासून शिकले. त्या भाषेत कितीतरी खुणांना दोन्ही हात लागतात.

त्या सुटीत मी घरी आले. तू चुलीपुढे बसली होतीस, ज्वारीच्या पिठात उजवा हात. तू डाव्या हाताचा अंगठा तोंडाकडे नेलास, पीठ भिजवायला पाणी हवं होतं. मी तांब्या उचलला नाही. तुझ्यासमोर उकिडवी बसले आणि पाण्याची बरोबर खूण करून दाखवली. तू हसलीस आणि पुन्हा अंगठाच दाखवलास. मग मी तुझं मनगट धरलं. पिठानं भरलेली बोटं एकेक करून वाकवली, दुसरा हात ओढून जागेवर नेला, आणि म्हणाले, हातांनीच, की तू अर्धंच बोलतेस. दुसरा हात कुठे आहे तुझा? लोकांना कसं कळेल? तव्यावरची भाकरी करपत होती. तू ती उतरवलीस. मग उठून हात धुतलेस, पुसलेस, परत येऊन बसलीस आणि दोन्ही हात पदराखाली घेतलेस. एसटीत मी ठेवायची तिथंच. त्या दिवशी तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

नंतर बोललीस. पण मी समोर असले की दोन्ही हात वर यायचे, अवघडलेले, दुसऱ्याचं लुगडं नेसल्यासारखे, आणि एक-दोन खुणा करून थकायचे. मला वाटलं, शिकतेय. मी सरांना तसं सांगितलंही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुझ्या उजव्या हाताला सलाईन होतं. तेव्हा तू डाव्या हातानं सलग तासभर बोललीस, जिनिंगचं, आजीचं, माझ्या हनुवटीचं. मला सगळं समजलं. ते इतकं सहज का समजलं, याचा मी विचार केला नाही.

आता मी दुभाषी आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांची शिबिरं असतात, तिथं बहिऱ्या माणसांचं डॉक्टरांना सांगते आणि डॉक्टरांचं त्यांना. मंगळवारी दिग्रसला होते. एक म्हातारी सुनेबरोबर आली. जन्मापासून ऐकणारी, पण गेल्या काही वर्षांत कान पार गेलेले. सून तिच्या कानाशी ओरडत होती, "आत्याबाई, त्या मॅडम काय इचारून राह्यल्या, तिकडं पाहा ना!"

"वरडू नको वं. दिसून राह्यलं मले तुयं तोंड. मागचे दात बी दिसून राह्यले."

मी तिच्यासमोर बसले आणि कधीपासून ऐकू येत नाही, ते खुणांनी विचारलं. तिनं माझे दोन्ही हात वरखाली होताना बघितले आणि सुनेला म्हणाली, "हे बाई काय करून राह्यली? फुगडी खेळते काय माह्यासंग?"

रांगेतले लोक हसले. मीही हसले. काय करावं सुचेना, म्हणून निदान पाणी विचारावं, आणि नकळत डाव्या हाताचा अंगठा तोंडाकडे गेला.

म्हातारी सरळ बसली. तिचा डावा हात वर आला: पाणी नको, चहा असेल तर सांग. मग हात थांबलाच नाही. आणि माय, तिचा उजवा हात कमरेपाशी पुढे-मागे होत होता. समोर मशीन नव्हतं, कापूस नव्हता. तो हात सारत होता.

मी हनुवटीला दोन बोटं लावली. तिनं डोळे बारीक करून माझा चेहरा पाहिला, खोक पाहिली. "डबा आनणारी पोरगी व्हय तू?" आणि तिनं डावा तळवा उघडून समोर हवेत ठेवला, दारावर ठेवावा तसा. मला ती खूण माहीत नव्हती. तिला ते दिसलं. "तुयी माय वं," ती मोठ्यानं म्हणाली. "आमी तिले असंच म्हनो. मशीन बिघडाच्या आंधी तिच्या हाताले समजे. मिस्त्री म्हने, पयले तिले बोलवा, थे हात ठेवन, मंगच मी पाना लावतो."

मी डाव्या हातानं विचारलं, एकाच हातानं का बोलायच्या तुम्ही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी भाकरी कशाची करतात ते विचारलं.

"पयले आमी कसंबी बोलो. मंग एकडाव आमच्यातल्या एकीनं बोलता बोलता दोनी हात उचलले. हसत हसत हात माघारी रुळावर टाकला, पाह्यलंच नाही. दोन बोटं गेली तिची. दुसऱ्या दिवशी तुयी माय सगळ्याइच्या म्होरं उभी राह्यली. उजवा हात पदरात बांधला अन् डाव्यानं दाखवलं, आजपासून असंच बोलाचं. मंग सगळ्या खुना तिनंच बदलवल्या, एकेक. कोनी चुकलं त मनगटावर चापट मारे." ती हसली. "लय कडक होती तुयी माय."

डॉक्टरांनी मला विचारलं, यांना कोणती भाषा येते, अर्जात लिहायचंय. मी गिरणीतली म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं नाही.

हे पत्र मी कपाटातल्या तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? एक तेवढं कबूल करते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि तुझं नाव, तो हवेतला उघडा तळवा, घेऊन पाहिलं. पहिल्या खेपेला सवयीनं दोन्ही हात वर आले.