कोरडं ताट

बाबा,

पुण्यात मी नेमकं काय शिकत होते हे मी तुम्हाला नीट सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. गावात कुणी चौकशी केली की तुम्ही "जर्मन शिकते" एवढंच म्हणायचात. मग लोक आपापसात ठरवून टाकायचे की पोरगी तिकडे नर्स होणार, आणि तुम्ही ते खोडून काढत नव्हता. खर्ड्याच्या बाजूच्या त्या गावात, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी सिनेमे बघण्याचा अभ्यास करते, हे सांगणार तरी कसं?

पण मी तेच करत होते. भाषेच्या वर्गाला जोडून शनिवारी आम्हाला तिकडचे अगदी नवे सिनेमे दाखवायचे, माझ्याहून थोड्याच मोठ्या मुलांनी काढलेले. गाणी नाहीत, बोलणंही फार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेली मुलं आणि त्यांचे गप्प बाप, हे त्यात पुन्हा पुन्हा यायचं. एकात मुलगा जेवणाच्या टेबलावर बापाला विचारतो, युद्धात तुम्ही काय करत होतात? बाप पाव कापत राहतो. कॅमेरा त्या सुरीवरून हलतच नाही. दिवे लागल्यावर आमच्या बाई म्हणाल्या की हा मुलगा बापाची चौकशी करत नाहीये, आपण कोण आहोत ते विचारतोय. मग प्रत्येकाने सुट्टीत स्वतःच्या ओळखीविषयी निबंध लिहून आणायचा असं ठरलं. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "तुला काय, सोपं आहे. तू ख्रिश्चन, तुला ही माणसं आपलीच वाटत असतील." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हसले. घरी येताना एसटीत मात्र तेच डोक्यात होतं. पडद्यावरच्या त्या स्वयंपाकघरातलं मला काहीच ओळखीचं नव्हतं. बापाचं गप्प बसणं तेवढं होतं.

तो बहात्तरच्या दुष्काळातला नाताळ. विहिरी आटलेल्या, निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडतंय. दुपारी तिथे मिशनकडून गव्हाची लापशी मिळते. आई आणि आपल्यातल्या दोघीतिघी ती मोठ्या पातेल्यात शिजवतात, तुम्ही डावाने वाढता. मी मदतीला म्हणून तुमच्या शेजारी उभी राहते आणि रांगेत मला पलीकडच्या काकू दिसतात. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, हातात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची ताटली. त्यांची जमीन आपल्या घरामागूनच सुरू व्हायची. गावातलं मोठं घर त्यांचं. दर नाताळला आपण त्यांच्याकडे ताट पाठवायचो, पण त्यात आईच्या करंज्या कधी नसायच्या. रवा, गूळ, खोबऱ्याची वाटी, सगळं कोरडं. आपल्या चुलीवरचं त्यांच्या घरात चालत नव्हतं. दिवाळीला त्यांच्याकडून आलेल्या चकल्या मात्र आपण आवडीने खायचो. लहानपणापासून मी हे बघत आले होते, पण दिसलं त्या वर्षी.

संध्याकाळी आई ताटात गूळ ठेवत होती, तुम्ही जेवायला बसला होतात. मी म्हटलं, यंदा करंज्या पाठवू, रोज आईच्या हातचंच तर खातायत. तुम्ही भाकरी मोडत राहिलात. मी पुन्हा विचारलं, त्यांच्या लेखी आपण कोण आहोत, बाबा? आपण हे कशाला चालवून घेतो? त्या सिनेमाची गोष्ट मी आदल्या दिवशी आईला सांगितली होती, ती तुमच्याही कानावर गेली असणार. तुम्ही म्हणालात, "कामावर खातात ते भुकेपायी. सणाचं ताट घरात जातं. तिथं त्यांच्या सासूबाई आहेत." मग पाणी प्यालात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "आणि तिकडचे प्रश्न तिकडच्या बापांना विचार. मी कुणाचं काही केलेलं नाही."

ताट घेऊन मीच गेले. काकूंनी ते दारातच घेतलं आणि आत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मास्तरांकडचं कोरडं आलंय." मग माझ्याकडे सरकून अगदी हळू म्हणाल्या, "मास्तरास्नी म्हनावं, मला दोनदा वाढू नका. लोकं बघत्यात. घरी कळलं तर मला चुलीला हात लावू देनार न्हाईत."

निरोप मी तुम्हाला दिला. तुम्ही "बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना एकदाच वाढलंत, पण डाव काठोकाठ भरून.

निबंध मी जर्मन बापांवरच लिहिला. ताटाविषयी त्यात एक अक्षर नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. पुढे मी भाषा शिकवली, ते सिनेमे मुलांना दाखवले, आणि पाव कापणारा तो हात दिसला की मला भाकरी मोडणारा तुमचा हात दिसायचा. तुम्ही काकूंची लाज झाकत होतात, की त्या घराला भिऊन होतात? कधी मला पहिलं खरं वाटतं, कधी दुसरं. बहुतेक दोन्ही असेल, आणि तेच मला सोसत नाही. सिनेमातल्या त्या मुलांचं बरं होतं. त्यांना बापावर नुसतं रागावता आलं.

आता मी शहरात, सावेडीत फ्लॅटमध्ये राहते. इथे कुणी कुणाचं काय खातं, हे कुणी विचारत नाही. समोरची मुलगी येताजाता आमच्याकडे चहा पिऊन जाते. परवाच्या नाताळला मी आईसारख्याच करंज्या केल्या आणि तिच्याकडे मात्र दुकानातला मिठाईचा बंद डबा नेऊन दिला. ती म्हणाली, "काकू, घरच्या करंज्या नाही केल्या का?" मी म्हटलं, नाही गं, यंदा जमलं नाही. माझ्या दारातून वास तिच्यापर्यंत येत होता.