तुलनेच्या गटातली बाई

१९ ऑगस्ट
दारू! वामनरावांनी मारेगावच्या बाजारात चारचौघांत सांगितलं — "अश्वजित आजकाल सकायपासूनच पिऊन राह्यला." माझा नवरा! विहारात पंचशील नुसतं म्हणत नाही, पाळतो. ज्यांच्या कपाशीवर तो पाठीला पंप लावून फवारतो, तेच असं बोलतात.

हात थरथरतात त्याचे, खरं आहे. नावं विसरतो. परवा वामनरावांच्या अंगावर धावून गेला, तेही खरं. पण थेंब घेतलेला नाही. असा नव्हता तो. काहीतरी होतंय त्याला आणि कोणी विचारत नाही.

(तोंडावर त्याचं नाव घेत नाही. इथे घेते. कोण बघतंय!)

२२ ऑगस्ट
सासूबाईंनी झोपलेल्या अश्वजितचं तोंड हुंगलं. सख्ख्या आईने!

२ सप्टेंबर
शाळेत नागपूरहून टीम आली. कशफ मॅडम मूळच्या वणीच्या. फवारणीचं औषध मेंदूवर आणि वागण्यावर काय करतं, यावर त्यांचं संशोधन. त्या म्हणाल्या — नसा एकमेकींना निरोप देतात. निरोप पोचला की तो पुसायचं काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. औषध त्या विकरालाच अडवतं. मग निरोप वाजतच राहतो. माणूस चिडतो, विसरतो, झोप उडते.

मी तिथेच म्हटलं, हे वामनरावांना लिहून द्या! त्या म्हणाल्या, आधी रक्त तपासू.

मला विचारलं, "तुम्ही फवारता?" नाही. मग मी तुलनेच्या गटात. म्हणजे औषध न लागलेली, धडधाकट माणसं. फवारणाऱ्यांना आमच्याशी ताडून बघणार. माझंही रक्त घेतलं. शब्द सांगून पुन्हा म्हणायला लावले — अर्धे गेलेच डोक्यातून. पोरांचा गोंगाट केवढा तिथे! "राग किती वेळा येतो?" म्हटलं, येतो तेव्हा कारणाने येतो. असले प्रश्न!

८ सप्टेंबर
त्याचे फवारणीचे कपडे धुतले. वास जाता जात नाही. तळहात चुरचुरतात, डोकं ठणकतं. साबणच भिकार. दुकानदाराला सुनावून आले.

हातपंपावर शेजारची धुरपताबाई म्हणते, "तू बी आजकाल लय अंगावर येतं वो, ममता. काहून?" काहून म्हणे! येणारच. माझ्या नवऱ्याला गावभर बेवडा म्हणायचं आणि मी काय आरती ओवाळू? तिची भरलेली घागर लाथेने पाडली. बरं झालं.

१४ सप्टेंबर
आज तर हद्द झाली. वामनराव दारात. "बोंडअळी आली ना बाई. पाठव त्याले. पिऊन आला तरी चालते मले, पंप धरता आला पायजे."

म्हणजे बदनामीही तुम्हीच करणार आणि राबवूनही तुम्हीच घेणार! कपडे धुतलेल्या पाण्याचं घमेलं हाताशी होतं. सगळं पाणी त्यांच्या धोतरावर ओतलं. अश्वजित ओट्यावरच बसलेला. नंतर म्हणाला, "आता मले कोण काम देईन?" त्याच्यावरही ओरडले.

२९ सप्टेंबर
अश्वजितचा रिपोर्ट आला! विकर फार खाली गेलंय. दारू नाही — औषध! कशफ मॅडमनी फोनवर सासूबाईंनाही समजावलं. फवारणी बंद, दवाखाना सुरू. सासूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. पुसू देत. उद्या मॅडम स्वतः येतायत. वामनरावांच्या दारात घेऊन जाणार त्यांना, सगळ्यांदेखत.

३० सप्टेंबर
मॅडम वामनरावांकडे गेल्याच नाहीत, आधी माझ्यापाशी बसल्या. मला तुलनेच्या गटातून काढलंय. माझं विकर अश्वजितपेक्षाही खाली. त्यांनी एवढंच विचारलं — त्याचे कपडे कोण धुतं?

त्या गेल्यावर मागची पानं वाचली. कुठला राग माझा, कुठला औषधाचा, ओळखू येईना. मान वर केली तर अश्वजित फवारणीचे धुवायचे राहिलेले कपडे घेऊन मोरीत बसलेला. "आता मी धुतो." उघड्या हातांनी!

अशी ओरडले की सासूबाई धावत आल्या. हा राग माझा होता.