सुमनची पेटी

गुरुवार, संध्याकाळ

अजून हसू आवरंना. आज ठाण्याचा जमादार पुन्हा आला. बांधावरच्या मारामारीच्या खटल्यात कोर्टानं मला चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं, तेव्हापासून तो वाटेल तेव्हा येतो आणि सगळं घर उचकतो. मी मान खाली घालून उभा. काहून? बाँडवर सुटलेल्याला स्वतःचं घर नसतं का?

आज मात्र त्यानं सुमनच्या पेटीला हात घातला. माहेरून आणलेली लोखंडी पेटी. लग्नापासून मीसुद्धा ती उघडली नाही! सुमन, माझी बायको, अंगणात कुरडयांचा चीक शिजवून राहिली होती, ती ढवळायच्या लाटण्यासकट आत आली.

"कोर्टाचा कागद हाय का?"

"नवरा बाँडवर हाय तुमचा, बाई."

"नवरा हाय. पेटी न्हाई."

शेजारणी दारात गोळा झाल्या. जमादारानं हात मागं घेतला. मग सुमननंच त्याला ओट्यावर बसवून वाटीभर गरम चीक दिला. चिकाच्या दिवशी दारी आलेल्याला तसंच धाडत नाहीत. खाऊन चालता झाला.

मला तर नाचावंसं वाटून राहिलं. आत्ता हळूच विचारलं, "त्या पेटीत हाय तरी काय?"

म्हणते, "कागद आणा."