मला उपकारस्तुतीतून काढा

ता. ९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र बुधवारी मिळालं. दाजी काठी घेऊन का होईना, पुन्हा उपासनेला चालत जातात हे वाचून बरं वाटलं. त्यांना सांग, काठी घेतल्याने माणूस म्हातारा होत नाही, लपवल्याने होतो.

मी बरा आहे. मिशनच्या दवाखान्यातलं काम तेच. सकाळी पंप आणि बॉयलर बघायचा, मग गळका नळ, अडकलेली खिडकी, जिथून हाक येईल तिकडे जायचं. दुपारनंतर ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांच्या खाटेशी बसायचं, प्रार्थना करायची. मला इथे पाठवलं ते पाना-पक्कड चालवायला. हे दुसरं काम मी आपणहून घेतलं. खोलीत ऊन येतं. जेवण वेळेवर मिळतं.

तू लिहिलंस, की रविवारी माझं नाव आता विनंत्यांमध्ये घेत नाहीत, उपकारस्तुतीत घेतात. पाळकसाहेब म्हणाले, "त्याची पत्रं बघा. त्याच्यासाठी मागायचं काही उरलंच नाही, आता आभार मानायचे." आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली. किती आनंदाने लिहिलं आहेस तू. मी पत्राची घडी घातली आणि बॉयलरच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे आवाज फार असतो, बरं असतं.

पाळकसाहेबांचं काही चुकलं नाही. पत्रं मीच तशी लिहितो. मंडळीसमोर मोठ्याने वाचली जाणार म्हटलं, की पाहुणे यायच्या आधी फाटकी चादर आत सरकवावी तसं होतं.

इथे एक म्हातारा गवंडी होता. त्याची खाट कोपऱ्यात. मागेपुढे कोणी नाही, आणि देवाशी उभा दावा. मला तो "नळवाल्या" म्हणायचा. मी इथली भाषा बोलू लागलो की डोळे मिटून घ्यायचा.

"नळवाल्या, तू बोलतोस ना, तेव्हा भिंत ओळंब्यात नाही असं वाटतं."

"पडत तर नाही ना?"

"अजून नाही."

परवा शुक्रवारी त्याने मध्येच विचारलं, "सगळ्यांसाठी मागत फिरतोस. तुझ्यासाठी कोण मागतं?"

आमची सगळी मंडळी, असं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. म्हटलं, "सध्या कोणी नाही."

"मग तूच माग. आणि तुझ्या भाषेत माग. आज मला वाकडी भिंत बघायची नाही."

ताई, मी त्याचा हात धरला, डोळे मिटले, आणि आपल्या भाषेतला एक शब्दही आला नाही. इथल्या भाषेतली प्रार्थना पाठ झाली आहे, ती रोज खाटाखाटांशी म्हणतो. माझी स्वतःची मात्र केव्हा बंद पडली ते कळलंच नाही. गुडघे टेकतो आणि तसाच उठतो. हे आजवर कोणाला लिहिलं नव्हतं.

शेवटी नकळत त्याचा हात दाबला. आठवतं का, संध्याकाळी आपण गोल बसायचो, आणि ज्याची प्रार्थना झाली त्याने शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे आता तू. मी पेंगत असायचो. माझी पाळी आली की काही न बोलताच तुझा हात दाबायचो, आणि तू आईला कळू न देता माझ्या वाटचंही मागून टाकायचीस.

गवंड्याला यातलं काय ठाऊक? पण त्याने घसा खाकरला आणि छताकडे बघत म्हणाला, "हे बघ, तुझी माझी ओळख नाही. पण ह्या नळवाल्याला घरची आठवण येते. त्याच्याकडे बघ जरा." मग मला विचारलं, "असंच असतं ना?"

म्हटलं, "असंच असतं."

काल सकाळी पंप सुरू करून वर गेलो, तर त्याच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

पुढच्या महिन्यात मिशनचे साहेब येतील, आणखी राहणार का म्हणून विचारतील. पळून यावं असं मनात नाही. खाटा भरलेल्या आहेत, आणि पंप माझं ऐकतो. पण इतक्या कोरड्या जिभेने कुठवर राहवेल, ते समजत नाही.

हे पत्र मंडळीत वाचू नकोस, असं लिहिणार होतो. नाही, वाच. पाळकसाहेबांना सांग, मला उपकारस्तुतीतून काढा आणि विनंत्यांमध्ये घाला. आजाऱ्यांच्या खाली, परीक्षेला बसलेल्या पोरांच्या वर, कुठेही चालेल.

ते होईल तेव्हा होईल. हे पत्र हाती पडेल त्या संध्याकाळी तू प्रार्थनेला बसशील, तेव्हा तुझ्या डाव्या बाजूला थोडी जागा ठेव. मी तिथेच बसायचो. मला बोलता आलेलं नाही, पण हात दाबला आहे.

तुझा,
धाकटा